सुई कुठून घातली

त्या दिवशीच्या तालमीत राजा एकदाही सिंहासनावर बसला नाही.

पहिल्या अंकात दरबार भरला, प्रधान वाकून गेला, दासींनी चवऱ्या ढाळल्या, तरी राजा उभाच. पेटीवाल्यानं दोनदा सूर धरून सोडला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "मालक, बसा ना जी. बसल्याबिगर दरबार कसा भरन?"

"राज्यावर संकट आलं असताना राजा बसत नसते," गुणवंतराव बगमारे म्हणाले.

संकट तिसऱ्या अंकात येणार होतं. पण ज्यांच्या गिरणीत अर्ध्या वडशाचं धान भरडलं जातं आणि जे मंडईच्या जत्रेतल्या नाटकात मिशी फुटल्यापासून राजा होत आले आहेत, त्यांना हे सांगणार कोण? पेटीवाल्यानं पुन्हा सूर धरला. दासी झालेला न्हाव्याचा पोरगा चवरी घेऊन रिकाम्या सिंहासनालाच वारा घालू लागला.

मांडवाच्या खांबाला टेकून लटारू हे बघत होता. राजा का बसत नाही हे सगळ्या वडशात दोघांनाच माहीत होतं. एक राजाला, आणि दुसरं लटारूला.

लटारू म्हणजे गुणवंतरावांचा साळा, रुखमाबाईंचा पाठचा भाऊ. आरमोरीकडं त्याची थोडी धानाची बांधी होती आणि जीव की प्राण अशी एक बैलजोडी. धान कापून झालं की तो जोडी घेऊन बहिणीकडे यायचा, मंडईच्या शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवायचा आणि होळीपर्यंत हलायचा नाही. माणूस मनाचा निर्मळ, पण त्याच्या पोटात गोष्ट टिकत नसे. बगमाऱ्यांच्या घरातल्या तीन सोयरिकी त्याच्या जिभेपायी मोडल्या होत्या आणि एक जुळली होती, तीही चुकून. अशा माणसाला गुणवंतरावांनी गुपिताचा भागीदार केला, कारण नागपूरला एकट्यानं जायची त्यांची छाती झाली नाही.

घरी सांगितलं होतं, नाटकाचा मुकुट आणायला जातो. मुकुट आणलाही. घाईघाईत घेतलेला, कानावर उतरणारा, काचेच्या मण्यांच्या झालरींचा. पण खरं काम वेगळं होतं. वर्षभर गुणवंतरावांना लघवीचा त्रास होता. रात्रीतून उठउठ करायचं, आणि गोठ्यामागं जाऊन उभं राहिलं की उभंच. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं रबराचा हातमोजा चढवून तपासलं, तेव्हाच गुणवंतराव एकदा भिंतीवर चढून आले होते. मग डॉक्टर म्हणाला, "गाठ हाताला कडक लागते. साधी आहे की वाईट, हे तुकडा काढून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"तुकडा काढून म्हंजे?"

"सुईनं. तांदळाच्या पोत्यात तुम्ही परखी खुपसता ना, आत माल कसा आहे बघायला? तसंच."

गुणवंतरावांना हे लगेच समजलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पोत्यात परखी मारली होती. परखी नेमकी कोणत्या बाजूनं मारणार हे मात्र त्यांना टेबलावर कुशीवर झोपल्यावर समजलं, आणि त्यांची आरोळी बाहेर बाकावर बसलेल्या लटारूनं ऐकली. मंडईत शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज होता तो.

नंतर डॉक्टरनं दोघांना समोर बसवलं. म्हणजे लटारूला बसवलं. गुणवंतराव उभे राहिले.

"नीट ऐका," डॉक्टर म्हणाला. "सुई ज्या वाटेनं गेली ती वाट कितीही साफ केली तरी तिथं जंतू असतातच. एखाद्याच्या रक्तात ते शिरतात. म्हणून या गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि वर भरपूर पाणी प्यायचं. आणि थंडी वाजून ताप आला, तर हिवताप म्हणून घरात पडून राहायचं नाही. तडक जवळचा डॉक्टर गाठायचा आणि सुई घातली होती हे त्याला सांगायचं. लाजलात तर जिवाशी गाठ आहे."

लटारूनं मान डोलावली. गुणवंतराव खिडकीबाहेर बघत होते.

परतीच्या गाडीत नागभीडपर्यंत गुणवंतराव दाराशी उभे होते. नागभीडला गाडी बदलली आणि फलाटावर माणसं पांगली, तेव्हा त्यांनी लटारूचा दंड धरला.

"हे घरी कोनाले सांगशीन तं पाहून घेईन."

"नाई सांगत जी."

"आन घे."

"माह्या मायची आन."

"माय मरून तुह्यी वीस वर्सं झाली. चितऱ्याची आन घे."

लटारूचा चेहरा उतरला. चितऱ्या म्हणजे त्याच्या जोडीतला उजवा बैल. कपाळावर पांढरा टिळा, पटात सुटला की बाण. बायकोची, लेकरांची, देवाची, कोणाचीही आण लटारूनं हसत घेतली असती आणि हसत मोडली असती. पण चितऱ्याची?

"भाऊजी, मुक्या जनावराले कायले मंधात आनता?"

"म्हूनच आनून राह्यलो," गुणवंतराव म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "लटाऱ्या, तुले मालूम हाये घरात काय चालू हाये थे. दिवाळीपासून अंगनात भिंत घालाची गोष्ट निघून राह्यली. दादाजीले गिरनी पायजे, भैयाजीले बी गिरनी पायजे. बाप पक्का हाये तोवर दोघं दबून हायेत. मले कॅन्सर हाये म्हून नुसता वास लागू दे, म्या मराच्या आधी भिंत उभी राह्यते."

लटारूनं चितऱ्याची आण घेतली. गोळ्यांची पुडी गुणवंतरावांनी बंडीच्या आतल्या खिशात कोंबली, आणि ती तिथंच राहिली. गोळ्यांवर पाणी प्यावं लागतं, पाणी प्यालं की जावं लागतं, आणि गेलं की आग होते. हा हिशेब त्यांनी आपल्यापुरता मिटवून टाकला होता.

आता मांडवात दुसरा अंक सुरू झाला. शत्रूचा दूत आला, राजानं गर्जायचं होतं. गुणवंतरावांनी हात वर केला आणि तो हात थरथरायला लागला. मग दंड, मग खांदे, मग जबडा. डोक्यावरच्या मुकुटाचे मणी खुळखुळ वाजायला लागले.

"वा मालक! राग असा पायजे!" पेटीवाला ओरडला. तालीम बघायला जमलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. दुताचं काम करणारा शिंपी खरोखर घाबरून दोन पावलं मागं सरला.

"रा... रा... राज्यात..." राजाचे दात कडकडा वाजत होते. टाळ्या आणखी वाढल्या.

लटारूला मात्र डॉक्टरचे शब्द आठवले. तो धावला आणि पडता राजा त्यानं पाठीमागून धरला. अंग तव्यासारखं तापलं होतं.

बाज मागवून गुणवंतरावांना घरी आणलं. सिंहासनावरच बसवून नेऊ, असं चौघांनी सुचवलं होतं. त्या थंडीतही राजा "बसवू नोका, बसवू नोका" एवढं स्पष्ट बोलला.

घरात तीन वाकळी, एक घोंगडी आणि तांदळाची दोन रिकामी पोती अंगावर टाकली तरी बाज खडखडत राहिली. आणि बाजेभोवती, बगमाऱ्यांच्या घरात नेहमी होतं तसं, दोन पक्ष तयार झाले.

"हिवताप हाये," थोरला दादाजी म्हणाला. तो कमी बोलायचा आणि बोलला की निकाल लावल्यासारखं बोलायचा. "कोनीनची गोळी आनतो."

"हिवताप हायेच," धाकटा भैयाजी म्हणाला, "पन आला कुठून थे सांग ना दादा! सरकारचे फवारनीवाले दारात आलते. डीडीटी मारून जातो म्हनत होते. कोनं वापस धाडले?"

"बाबानं धाडले."

"आन मान कोनं हालवली? देवघरात दवाई मारतीन, मांजर मरन, म्हून कोन बोल्लं? गावात साऱ्यायच्या घरी मारली, आपल्याच घरी नाई. सारे मच्छर इथीच आले नं रायले!"

"तुले बाबाच्या तापाची फिकीर हाये का मच्छराची?"

"तुले गिरनीची फिकीर हाये, मले मालूम हाये!"

दादाजीची बायको वच्छला नवऱ्याच्या बाजूनं बोलेल असं कोणालाही वाटलं असतं. पण मांजर मरेल म्हणून फवारणी परत पाठवल्यापासून तिला स्वतःच्या लेकरांसाठी मच्छरदाणी शिवावी लागली होती. ती म्हणाली, "भावजी बरोबर बोलून राह्यले." दादाजी बायकोकडे असा बघायला लागला, जणू भिंतीची पहिली वीट तिनंच ठेवली. मग नवऱ्याला थोडं सांभाळून घ्यावं म्हणून तिनं पुढं जोडलं, "पन मले तं त्या मुकुटाची नजर वाटते. कोनाच्या मेलेल्या राजाचा असन."

रुखमाबाई या कशातच नव्हत्या. त्या चुलीपाशी सुरण शिजवत होत्या. सकाळीही सुरण होता. कालही सुरणच होता. परवा नवऱ्याचं धोतर धुताना त्यांना रक्ताचे दोन डाग दिसले होते. त्यांनी ते कोणाला न सांगता राखेनं चोळून काढले आणि मनाशी ठरवलं, मूळव्याध. नवरा बसत नाही तोही त्यामुळंच. पुरुषाला असल्या गोष्टीची लाज असते, तेव्हा आपण बोलायचं नाही, नुसतं जेवणातून, सुरणानं बरं करायचं.

एका दुखण्याला घरात तीन नावं पडली होती, आणि चौथं, खरं नाव लटारूच्या जिभेवर येऊन थांबलं होतं.

"मी काय म्हन्तो," तो म्हणाला, "गावच्या दाक्तर शफीले बोलवू ना. ताप कशाचा हाये थे त्याइले..."

वाकळींच्या खालून आवाज आला. "लटाऱ्या. चि... चितऱ्याले चारा टाकला काय?"

लटारू वाकळ सारखी करू लागला.

"मामाजी, बैलाचं काय घेऊन बसले?" भैयाजी म्हणाला. "बाबा तापात बरळून राह्यले."

"हो ना," लटारू म्हणाला. "बरळूनच राह्यले."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा धीर केला. "कोनीन देऊ नोका आत्ता. कधी कधी काय होते, ताप दुसराच असते, कुठून तरी शिरलेला..."

"चि... चितऱ्या..." वाकळी म्हणाल्या.

लटारू उठला आणि गोठ्यात गेला.

चितऱ्या रवंथ करत उभा होता. लटारूनं त्याच्या गळ्यात हात टाकला. आठवड्यावर पट आला होता. आण मोडली आणि या जनावराला काही झालं तर? आणि नाही मोडली, तर बाजेवरच्या माणसाचं काय? भाऊजींनी त्याला कधी सुखानं दोन घास खाऊ दिले नव्हते, चार माणसांत त्याची थट्टा केली होती. पण त्याच्या पोरीच्या लग्नात मांडवाला उभं राहून शेवटच्या पंगतीपर्यंत वाढलंही होतं. बहीण विधवा झाली तर कोणत्या तोंडानं तिच्यासमोर जायचं? म्हणायचं काय, मला माहीत होतं पण बैल होता?

"बापा," तो चितऱ्याच्या कानाशी म्हणाला, "तू जनावर हायेस, तुले समजते. मानसाले सांगून फायदा नाई. जे लागन थे मले लागो." चितऱ्यानं कान झटकला. लटारूनं ते हो समजलं.

तो सरळ चुलीपाशी गेला.

"बाई."

"काय गा?" रुखमाबाईंनी वर न बघता विचारलं.

थोरल्या बहिणीसमोर लटारूनं आजवर साधी शिवी दिली नव्हती. त्यानं चुलीकडे तोंड केलं. "भाऊजीले हिवताप नाई."

"मले मालूम हाये. मूळव्याध हाये."

"मूळव्याध बी नाई. आमी मुकुटासाठी नाई गेलतो. दवाखान्यात गेलतो. तिथं त्याइले... परखी मारली."

"परखी? मानसाले?"

"लघवीच्या गाठीचा तुकडा काढाले. कॅन्सर गिन्सर हाये का पाहाले. दाक्तर म्हने, थंडी वाजली का जहर रक्तात गेलं समजा. घरात पडून राहू नोका म्हने. गोळ्या देल्ल्या होत्या, त्या खाल्ल्याच नाई त्याइनं."

रुखमाबाईंचा हात थांबला. "कुठून मारली परखी?"

लटारूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सांगायला शब्द होते, पण बहिणीसमोर त्यातला एकही तोंडातून निघेना. शेवटी तो वळला आणि आपल्या धोतराच्या मागच्या बाजूकडे नुसतं बोट दाखवलं.

रुखमाबाईंनी सुरणाचं भांडं चुलीवरून उतरवलं, हात पुसले आणि बाहेर आल्या. दादाजी कोनीनच्या गोळ्या हातावर घेऊन बाजेपाशी उभा होता. रुखमाबाईंनी त्या हातावर चापट मारली. गोळ्या अंगणभर उडाल्या.

"भैयाजी! सायकल काढ. दाक्तर शफीले घेऊन ये. जेवत असतीन तं हात न धुता घेऊन ये."

डॉक्टर शफी आले तेव्हा अंगण भरलं होतं. नाटकाची मंडळी, शेजारपाजार, गिरणीचे हमाल, दूत झालेला शिंपी अजून दाढी लावून. डॉक्टरांनी नाडी धरली, डोळे पाहिले, जीभ पाहिली. "या हवेत दुसरं काय असणार? मलेरियाच दिसते. मी कोनीनचं..."

"मलेरिया नाई दाक्तरसाहेब," रुखमाबाई म्हणाल्या.

वाकळींच्या खालून दोन डोळे बाहेर आले. "अवो... चूप..."

"तुमी चूप राहा." आणि रुखमाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात, शब्द न गाळता सांगितलं. नागपूर सांगितलं, गाठ सांगितली, सुई सांगितली, आणि सुई कुठून घातली तेही सांगितलं. तिथं त्यांनी लटारूसारखं बोट दाखवलं नाही. सरळ नाव घेतलं.

शिंप्याची दाढी एका बाजूनं सुटली. वच्छलानं तोंडात पदर कोंबला. गुणवंतरावांनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

डॉक्टर शफी हसले नाहीत. त्यांनी हातातली कोनीनची बाटली बॅगेत परत ठेवली आणि दुसऱ्या दोन काढल्या. "बाई, हे तुम्ही सांगितलं ते फार बरं केलं. नाही तर मी कोनीन देऊन घरी गेलो असतो, आणि उद्या यांना बघायला कशाला आलो असतो, अल्लाला ठाऊक." मग बाजेकडे वळून, "मालक, दोन इंजेक्शनं देतो. कुशीवर व्हा. कमरेत द्यावी लागतील."

घोंगडीतून खोल गेलेला आवाज आला, "सारे जन तिथीच काऊन येऊन राह्यले जी?"

तेव्हा मात्र अंगण फुटलं. हमाल हसले, शिंपी हसला, हसू दाबताना वच्छलाला उचकी लागली. फक्त दादाजी आणि भैयाजी हसले नाहीत. दिवाळीनंतर पहिल्यांदा दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि दोघांचीही नजर लटारूवर होती.

"मामाजी," दादाजी म्हणाला, "तुमाले मालूम होतं?"

"दुपारपासून आमी मच्छराइवर भांडून राह्यलो," भैयाजी म्हणाला, "आन तुमी बैलाले चारा टाकाले गेले?"

"आन घातली होती मले!" लटारू कळवळून म्हणाला. "चितऱ्याची!"

"बाबापेक्षा बैल मोठा हाये काय?" दोघांनी एका सुरात विचारलं. चितऱ्या पाच कोसांवरून दिसेल एवढी धूळ उडवत पळायचा, हे इथं सांगून उपयोग नव्हता.

ताप लगेच उतरला नाही. डॉक्टर शफी पुन्हा पुन्हा येत राहिले, इंजेक्शनं देत राहिले, आणि दर वेळी पाण्याचा तांब्या रिकामा करून घेत राहिले. एकदा तर गुणवंतरावांनी कोणालाच ओळखलं नाही. दादाजीला ते प्रधानजी म्हणाले आणि राज्य सांभाळ म्हणून सांगितलं. मग भैयाजीलाही तेच सांगितलं. एरवी यावर महाभारत झालं असतं. त्या वेळी दोघंही "हो जी" म्हणाले आणि एकेक पाय धरून चेपत बसले. लटारू उंबऱ्यावर बसून देवाला म्हणत होता, बैल घे पण भाऊजी ठेव. आणि लगेच, भाऊजी ठेव आणि जमलं तर बैलही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाम फुटला, वाकळी ओल्या झाल्या आणि गुणवंतरावांनी पेज मागितली. रुखमाबाईंनी पेज आणली, बाजेच्या कडेला टेकल्या. पोरं बाहेर ओसरीवर होती. लटारू दाराआड होता, कारण समोर यायची त्याची हिंमत नव्हती.

"माह्यी इज्जत घालवली तू," गुणवंतराव म्हणाले.

"पेज प्या."

"साऱ्या गावासमोर त्या जागेचं नाव घेतलं."

"चाळीस वर्सं तुमचं धोतर मी धुवून राह्यली," रुखमाबाई म्हणाल्या. "तुमची माय गेली तवा तुमी लेकरासारखे रडले थे मी पाह्यलं. मले लाजले? आन सांगतलं कोनाले? लटारूले! ज्याच्या पोटात पानी टिकत नाई त्याले!"

दाराआड लटारूनं मान खाली घातली.

गुणवंतरावांनी पेजेचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "लाजलो नाई. भेलो. तुले सांगतलं असतं तं खरं झालं असतं. नाई सांगतलं तोवर नुसतं मुकुट आनाले गेलतो."

रुखमाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला. "आन भिंतीचं?"

"थे तुले कोनं सांगतलं?"

रुखमाबाईंनी दाराकडे बघितलंही नाही. "भिंत घालाची असन तं घालू द्या पोराइले. तुमी मरून भिंत थांबनार नाई, आन जगून बी थांबनार नाई. पन भिंतीसाठी मरू नोका."

ओसरीवर दादाजी आणि भैयाजी दोघांनाही हे ऐकू गेलं. दोघंही एकमेकांकडे न बघता उठले. एक गिरणीकडे गेला, दुसरा फवारणीवाले पुन्हा कधी येतील याची चौकशी करायला. भिंतीचा विषय त्या हिवाळ्यात निघाला नाही. पुढं निघाला, पण ते पुढचं.

मंडई झाली. राजाचं काम दादाजीनं केलं. तो कमी बोलायचा, त्यामुळं नाटक दोन तास लवकर संपलं. शंकरपटात चितऱ्या सुटला तो बाणासारखाच सुटला, पण वाट सोडून, आणि कुंपण, दोन दुकानं आणि एक पानवाला घेऊन थेट बोडीच्या पाण्यात जाऊन उभा राहिला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. लटारूनं बोडीच्या काठावर बसून त्याचे पाय धरले आणि तो रडला. लोकांना वाटलं हरला म्हणून.

निकाल ऐकायला नागपूरला रुखमाबाई स्वतः गेल्या, नवऱ्याला घेऊन. लटारू मागून पिशवी धरायला. डॉक्टर म्हणाला, "वाईट काही नाही. वयाबरोबर गाठ वाढते, तशी वाढली आहे. पुढंमागं ऑपरेशन करून टाकू." गुणवंतरावांनी दोन्ही हात जोडले, बोलायचा प्रयत्न केला, आणि त्या खणखणीत गळ्यातून नुसती हवा आली. रुखमाबाईंनी विचारलं, "आपरेशनच्या वक्ती बी ताप येऊ शकते का जी?" डॉक्टर म्हणाला, येऊ शकतो, म्हणून आधीपासून काळजी घ्यायची. "घेऊ," त्या म्हणाल्या. "आता सारं गाव घेईन."

ते खोटं नव्हतं. गाव हसून हसून दमलं, आणि मग एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. गिरणीत कोंढा घ्यायच्या निमित्तानं म्हातारी माणसं एकेकटी यायला लागली. धानाच्या भावावर बोलायची, थंडीवर बोलायची, आणि जाता जाता हळूच विचारायची, "मालक, थे तुमचं... सुरुवातीले कसं होत होतं?"

एका दुपारी नथ्थू बोरकर आला. नथ्थू बगमाऱ्यांच्या बांधीला लागून असलेला शेतकरी. बोडीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणानंतर तो आणि गुणवंतराव एकमेकांना समोरासमोर भेटले तरी झाडाकडे बघून जायचे. आज तो अंगणात उभा राहिला, गळा खाकरला, आणि बाजेवर निवांत बसलेल्या गुणवंतरावांना म्हणाला, "तब्येत कशी हाये?"

"बरी हाये. बस."

नथ्थू बसला, उठला, पुन्हा बसला. पलीकडच्या बाजेवर लटारू झोपेचं सोंग घेऊन पडला होता.

"रात्री उठा लागते," नथ्थू शेवटी जमिनीला म्हणाला. "आन उभं राह्यलं का..."

"उभंच," गुणवंतराव म्हणाले.

"हो ना जी!" नथ्थूच्या आवाजात इतका सुटकेचा भाव होता की लटारूनं एक डोळा उघडला. "मले वाटे मलेच हाये."

मग गुणवंतरावांनी त्याला सगळं सांगितलं. हातमोजा, परखी, गोळ्या, पाणी, थंडी. कुठून, तेही नाव घेऊन सांगितलं. नथ्थू ऐकत गेला आणि पांढरा पडत गेला.

"जातो मी नागपूरले," तो म्हणाला. "पन माह्या बायकोले, नीलाबाईले, कळू देऊ नोका. घरी म्हनीन, बैल पाहाले जातो."

गुणवंतराव हसले, आणि मग मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात घरात हाक दिली, "अवो, ऐकतेस काय! नथ्थूच्या घरी मानूस धाड, नीलाबाईले इथी बोलाव!"

नथ्थू पळायलाच उठला. पण पळायच्या आधी त्याला गोठ्यामागं जाऊन यावं लागलं, आणि तो तिथून परत येईस्तोवर नीलाबाई येऊन, पाणी पिऊन, रुखमाबाईंशेजारी बसलेली होती.